मनगटावरचा चहाडखोर

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे नाहीत. वर्तमानपत्रांतून कापून ठेवलेल्या चमत्कारिक बातम्या आहेत. शाळेत विज्ञान शिकवीत असताना ही सवय जडली. दुपारच्या तासाला वर्ग पेंगू लागला की डब्यातले एखादे कात्रण वाचून दाखवायचे आणि ‘यात खरे किती, खोटे किती?’ असे विचारायचे. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, वर्ग उरला नाही. कात्री मात्र हातातून सुटली नाही. आता त्या वर्गाच्या जागी तुम्ही आहात, आणि तुम्ही पेंगता आहात की नाही हे मला दिसत नाही, हा सदर लिहिण्याचा मोठाच फायदा आहे.

पूर्वी डब्यात दोन तोंडांचे वासरू, अडीच किलोचा मुळा, स्वतःच्याच श्राद्धाला येऊन जेवलेला गृहस्थ अशा बातम्या असत. अलीकडे तिथे यंत्रांची गर्दी झाली आहे. मे २०२४ मधले हे कात्रण पाहा. गूगलच्या शोधपानावर त्या महिन्यात यंत्राने स्वतः जुळवलेली उत्तरे दिसू लागली होती. माणसाने किती दगड खावेत, असे कोणी खोडसाळपणे विचारले, तर उत्तर आले की दिवसाला निदान एक छोटा दगड खावा, असा भूवैज्ञानिकांचा सल्ला आहे. मूळ मजकूर ‘द अनियन’ या अमेरिकेतील थट्टेखोर प्रकाशनातला होता. यंत्राला थट्टा कळली नव्हती. मी पुष्कळ हसले. आमच्या वयाच्या माणसांना दगड मुद्दाम खावे लागत नाहीत. मूतखडे शरीर घरच्या घरीच तयार करते.

दुसरे कात्रण २०२२ चे. मोटारीला अपघात झाल्याचे ओळखून आपण होऊन मदत बोलावणारे ॲपलचे फोन त्या वर्षी बाजारात आले. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका मनोरंजन उद्यानात लोक ते खिशात ठेवून उंच पाळणागाडीत बसले. गाडी वरून खाली कोसळल्यासारखी आली, बसलेल्यांनी आनंदाने किंकाळ्या फोडल्या आणि खिशातल्या फोनने समजूत करून घेतली की धन्याचा चुराडा झाला. त्याने तातडीच्या मदतीचा क्रमांक लावला. पलीकडून बोलणाऱ्याला फक्त किंकाळ्या ऐकू येत होत्या!

तिसऱ्या कात्रणावर मला हसू आले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात साठ वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध झाली. मिठाचे अपाय वाचून त्यातले क्लोराइड आहारातून काढून टाकायचे त्याने ठरवले. त्याच्या सांगण्याप्रमाणे, चॅटजीपीटीला विचारून त्याने साध्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड आणले आणि तीन महिने ते अन्नात घातले. शेवटी ‘शेजारी माझ्यावर विषप्रयोग करतो आहे’ असे म्हणत तो इस्पितळात आला. त्याला भास होत होते, तहान अनावर होती, पण समोर ठेवलेल्या पाण्याचीही शंका येत होती. रक्तात ब्रोमाइड साठले होते. एकोणिसाव्या शतकात ब्रोमाइडची क्षारे झोपेसाठी आणि अपस्मारासाठी सर्रास दिली जात आणि तेव्हा हा विकार डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा होता. आता तो जवळपास पुस्तकातच उरला होता.

मी नववी-दहावीला आवर्तसारणी शिकवली आहे. क्लोरीन आणि ब्रोमीन एकाच गणातली भावंडे, एकाच्या जागी दुसरे पुष्कळ अभिक्रियांत चालते. साफसफाईच्या किंवा कारखान्याच्या कामात ते उत्तर कदाचित बरोबरही ठरले असते. प्रयोगशाळेतली बाटली आणि स्वयंपाकघरातली मिठाची बरणी यांतला फरक त्या संवादात कोणी बोललेच नसावे. शेजारच्या वहिनींना विचारले असते, तर त्यांनी आधी ‘पण तुम्हाला झालंय तरी काय?’ असे विचारले असते. तो रुग्ण तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर बरा झाला, एवढे सांगून हे कात्रण परत डब्यात ठेवते.

गेल्या दिवाळीत ही तिन्ही कात्रणे मी मुलाला वाचून दाखवली. तो बंगळुरूहून आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले, हसला, आणि पिशवीतून एक चौकोनी खोके काढून माझ्या हातात ठेवले. आत मनगटी घड्याळ होते. ते वेळही सांगते, पण तो त्याचा दुय्यम धंदा. हृदयाचे ठोके, चाललेली पावले, झोपेचे तास आणि पडल्याची बातमी हे त्याचे मुख्य काम. नातीने पंधरा मिनिटांत ते माझ्या फोनशी जोडले आणि माझा फोन तिच्या बाबाच्या फोनशी. “आजी, आता तू सांगलीत आणि आम्ही तिकडे, तरी आम्हाला सगळं कळेल,” ती म्हणाली. ‘सगळं’ या शब्दावर मी तेव्हाच थांबायला हवे होते.

घड्याळ आणि नाडी यांची सोयरीक नवी नाही. इंग्लंडमधल्या सर जॉन फ्लॉयर नावाच्या वैद्याने १७०७ साली नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले आणि त्यावर ग्रंथही लिहिला. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल सापाची, बेडकाची की हंसाची, असा विचार केलेला आहे. तिथे आकड्यापेक्षा चालीला महत्त्व. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान होती. वैद्याला रुग्णाचा हात हातात घ्यावा लागे. माझ्या घड्याळाला ते नको असते. पाठीमागून ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, ठोक्यागणिक रक्त वाढले की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारातून ठोके मोजले जातात. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला ते फार आवडले. इतके साधे आणि इतके हुशार!

अर्थात हुशारीलाही सीमा असते. एकदा मी खलबत्त्यात वेलदोडे कुटत होते, तर घड्याळाने मनगटाला धक्का देऊन विचारले की तुम्ही जोरात पडलात असे दिसते, मदत बोलावू का? एकीकडे बत्ता आणि एकीकडे त्याला ‘मी ठीक आहे’ असे कळवण्याची धांदल. पोळ्या लाटताना ते माझी पावले मोजते. आमच्या गल्लीतून रिक्षाने बसस्थानकापर्यंत गेले तर, रस्त्याच्या कृपेने, बसल्या बसल्या चालल्याचे पुण्य जमा होते.

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत पावलांची स्पर्धा चालते. दहा हजार पुरी झाली नाहीत म्हणून बाकावर बसून हात हलवणारे एक निवृत्त अधिकारी मी पाहिले आहेत. हा दहा हजारांचा आकडा कोणत्या ऋषीने सांगितला, ते त्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक झाले. पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव तोंडात बसले आणि जाहिरातीचा आकडा वैद्यकशास्त्राचा म्हणून जगभर फिरला. त्याची खरी तपासणी फार पुढे झाली. सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे ७,५०० पर्यंत ते आणखी घटत गेले आणि नंतर फारसा फरक पडला नाही. अशा अभ्यासातून चालल्यामुळेच आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही, कारण धडधाकट माणूस मुळात जास्त चालतोच. तरी गुडघ्यांची तक्रार असणाऱ्या माझ्यासारखीला साडेचार हजारांवर उत्तीर्ण होता येते, हे कळल्यापासून मी पुलाच्या अलीकडूनच परत फिरते.

झोपेची गोष्ट मात्र पावलांइतकी सोपी नव्हती. आयुष्यात मला कधी झोपेचे गुण मिळाले नव्हते. आता रोज सकाळी शंभरापैकी मिळू लागले. एके दिवशी मी उठले, चहा केला, तुळशीला पाणी घातले, मन प्रसन्न होते. मग घड्याळात पाहिले तर बावन्न. तेवढ्याने अंग जड झाले. दुपारपर्यंत मला खरोखरच थकवा वाटू लागला. मनगटावरचे यंत्र झोप मोजते ते हालचालीवरून आणि ठोक्यांवरून. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत, आणि तुम्ही डोळे मिटून स्वस्थ जपमाळ ओढत असाल तर त्याला ती झोपही वाटू शकते. झोपेच्या आकड्यांची चिंता लागून झोपच बिघडलेली माणसे डॉक्टरांकडे येऊ लागल्यावर, २०१७ साली अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी या चिंतेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही देऊन टाकले. नाव मिळाले की दुखण्याला प्रतिष्ठा येते.

माझ्यापुरते दुखणे दुहेरी होते, कारण ते बावन्न गुण बंगळुरूलाही पोहोचत. सकाळी साडेसातला फोन वाजे. पूर्वी तो रविवारी वाजायचा आणि पहिला प्रश्न ‘आई, काय केलंस आज जेवायला?’ हा असायचा. आता रोज वाजू लागला आणि पहिले वाक्य ‘आई, काल रात्री तू तीनदा उठलीस’ हे असे. वाचकहो, शहात्तराव्या वर्षी रात्री तीनदा उठावे लागते. त्याची कारणे मुलाला सांगण्यासारखी नसतात. ‘काल पावलं फक्त अकराशे?’ काल पाऊस होता. ‘दुपारी ठोके एकशे वीस कसे?’ दुपारी वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंशी पाण्याच्या टाकीवरून भांडण झाले होते. शाळेत मी मुलांच्या वह्यांवर लाल शाईने शेरे मारीत असे; त्याचा हिशेब नियतीने असा चुकता केला.

शेजारचे नाना यांची कथा वेगळी. त्यांच्याकडे घरी रक्तदाब मोजायचे यंत्र आहे, आणि ते यंत्र त्यांना दिवसातून वीस वेळा बोलावते. एकदा मी समोर बसले असताना त्यांनी मोजला: एकशे अठ्ठावन्न. घाबरून लगेच पुन्हा मोजला: एकशे सहासष्ट. तिसऱ्यांदा मोजायला निघाले तेव्हा मी यंत्राची वायरच धरून ठेवली. ते नुकतेच जिना चढून आले होते, पाय लोंबकळत होते, हात मांडीवर होता आणि तोंडाने तलाठी कार्यालयाची हकिकत चालू होती. हात कुठे ठेवला यानेही आकडा बदलतो: अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यास वरचा दाब सरासरी सुमारे चार आणि बाजूला लोंबता ठेवल्यास सुमारे साडेसहा मिलीमीटरने जास्त दिसला. मी नानांना खुर्चीत पाठ टेकवून बसवले, पावले जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटे गप्प राहायला सांगितले. हे शेवटचे त्यांना सर्वांत जड गेले. मग आकडा आला एकशे अडतीस. आता ते सकाळी चहापूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतात, वहीत लिहितात आणि वही डॉक्टरांना दाखवतात. मधल्या वेळी यंत्र वहिनींच्या कपाटात कुलपात असते.

याच ओघात, बोटाला न टोचता साखर सांगणारे घड्याळ घ्यावे का, असे विचारणाऱ्या वाचकांना उत्तर देते. घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी स्पष्ट इशारा दिला की, त्वचा न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजते म्हणणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा आणि बारीक तंतू त्वचेखाली जाणारा संवेदक ही वेगळी वस्तू आहे. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतले, तर तो खेळ जिवाशी होतो.

इतका वेळ मी इकडचे तिकडचे सांगत बसले, कारण जे सांगायचे होते ते लिहायला हात धजत नव्हता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, मी पुस्तक वाचीत बसले होते. घड्याळाने हळूच धक्का दिला. पडद्यावर लिहिले होते की हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळली आहे आणि डॉक्टरांशी बोलावे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग नववीच्या मुलांना शिकवायचे तसे दुसऱ्या हाताची तीन बोटे मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवली. नाडीची चाल सापाची नव्हती आणि हंसाचीही नव्हती. दोन ठोके लगबगीने, मग एक रिकामी जागा, मग तीन, मग अर्धवट एक. नवशिक्या तबलजीच्या हातून ठेका सुटावा तसे. छातीत दुखत नव्हते. थोडी धडधड होती, पण ती वाचल्यानंतरची की आधीची, हे मला आजही सांगता येणार नाही. अर्ध्या तासाने सारे पूर्ववत झाले.

पहिला विचार मनात आला तो हृदयाचा नव्हता. तो होता: हे मुलाला कळले का?

हे वाचून तुमच्यातले तरुण वाचक कपाळावर हात मारतील. माझ्या वयाचे मारणार नाहीत. गेली दोन वर्षे मुलगा म्हणतो आहे, ‘आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये.’ तो प्रेमाने म्हणतो आणि त्याचे बरोबर आहे. पण आमच्या गल्लीतल्या माई गेल्या वर्षी मोरीत एकदाच घसरल्या, हाड मोडले नाही, तरी महिन्याभरात त्यांचे घर बंद झाले. आता त्या एका मोठ्या शहरात चौदाव्या मजल्यावर असतात. फोनवर विचारतात, अंगणातला पारिजातक फुलला का? एका धक्क्याने माझेही घर बंद होईल, असे मला त्या रात्री वाटले. मी नातीने दाखवलेली खटपट उलट्या क्रमाने करून आकडे बंगळुरूला जाणे थांबवले, घड्याळ काढले आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले. ती सूचना आमच्या फोनपुरतीच राहिली होती, हे मला नंतर कळले. सकाळी फोन वाजला. “आई, घड्याळ बंद आहे का?” मी म्हणाले, “चार्जर बिघडलाय रे.” चौतीस वर्षे मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावणारी बाई हे म्हणाली.

नऊ दिवस असे गेले. रोज सकाळी भाताला तांदूळ काढताना हात घड्याळाला लागे आणि मी तो मागे घेई.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी माझ्या एका जुन्या मैत्रिणीकडे गेले. आम्ही एकाच शाळेत होतो. ती मराठी शिकवायची, आणि तिच्या बोलण्याला साऱ्या शिक्षकखोलीत तोड नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू थोडी सुधारली, वाचा परत आली नाही. मी तिच्या डाव्या हातावर तिळगूळ ठेवला आणि नेहमीचे वाक्य म्हटले. ते तिच्या ओठांवर आले आणि तिथेच अडखळले. तिच्या सूनबाई मला दारापर्यंत पोहोचवायला आल्या. म्हणाल्या, “काकू, आईंना आधी सहा महिने मधूनमधून धडधडायचं. आम्हाला कळलं ते नंतर. काळजी कराल म्हणून सांगितलं नाही, असं त्यांच्या वहीत लिहिलेलं सापडलं.”

मी घरी न जाता तशीच डॉक्टरांकडे गेले.

पुढचे थोडे शांतपणे सांगते, कारण ते तुमच्या घरातही उपयोगी पडेल. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो स्वच्छ आला. घड्याळ खोटे बोलले म्हणून मी उठू लागले, तर त्यांनी बसवले. असा बिघाड येतो आणि जातो; तो चालू असतानाच आलेख काढला तर सापडतो. म्हणून त्यांनी चोवीस तास छातीवर राहणारे होल्टर यंत्र लावले. त्यात पहाटेच्या सुमारास तीच बेताल चाल उमटली. नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त तिथे रेंगाळते, रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो असे मानतात, आणि कित्येकांना त्याचे एकही लक्षण जाणवत नाही.

घड्याळाचे श्रेय घड्याळाला द्यायलाच हवे. पण ते किती द्यायचे, तेही कळलेले बरे. ॲपलच्या घड्याळांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४,१९,२९७ माणसे होती. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे सुमारे अर्ध्या टक्क्याला, अनियमित ठोक्यांची सूचना आली. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर आलेखपट्टी लावून ती तपासायला परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत हा विकार त्या काळात नोंदला गेला. बाकीच्यांत तो नव्हताच, की त्या दिवसांत आला नाही, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही; माझ्या स्वच्छ ईसीजीनेच ते मला शिकवले. तेव्हा मनगटाने सूचना दिली म्हणजे निदान झाले असे नाही, आणि गप्प राहिले म्हणजे सारे क्षेम आहे असेही नाही. विशेषतः हे ध्यानात ठेवा: ही घड्याळे हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत. छातीत दाब आला, घाम फुटला, दम कोंडला, किंवा तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मनगटाकडे पाहत बसू नका. १०८ ला फोन करा.

डॉक्टरांनी माझी थायरॉइडची तपासणी केली, हृदयाची सोनोग्राफी केली आणि मग कागदावर माझे गुण मोजले: वयाचे इतके, रक्तदाबाचे इतके. ज्या परीक्षेत कमी गुण चांगले, अशी ही माझ्या आयुष्यातली पहिलीच परीक्षा, आणि तिथे मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. गोळ्या सुरू झाल्या. लोक त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही, गुठळी होण्याची क्रिया मंदावते. त्या आपल्या मनाने सुरू करायच्या नाहीत, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, शेजाऱ्याच्या ॲस्पिरिनने त्यांची जागा भरत नाही, आणि दात काढायला जाताना दंतवैद्याला आधी सांगायचे.

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला. आधी चार्जरचे खरे सांगितले, मग हृदयाचे. तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटले, आता ‘उद्याच ये’ म्हणेल. तो म्हणाला, “नऊ दिवस? आई, तू मला इतकी घाबरतेस?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मग मी त्याला माईंच्या चौदाव्या मजल्याचे सांगितले. ते मी त्याला कधीच सांगितले नव्हते. तोही सकाळच्या फोनवर आकडेच वाचत राहिला होता, कारण इतक्या लांबून दुसरे काय विचारावे हे त्याला सुचत नव्हते. हे त्याने त्या दिवशी कबूल केले.

आम्ही करार केला आहे. हृदयाची आणि पडल्याची सूचना त्याला लगेच जाईल. त्यात मी लपवाछपवी करणार नाही. झोपेचे गुण आणि पावले माझी मला. घराची एक किल्ली नानांच्या वहिनींकडे, डॉक्टरांचा क्रमांक आणि गोळ्यांची नावे फ्रिजच्या दारावर. सांगली सोडायची की नाही, हा विषय दिवाळीत समोरासमोर बसून बोलायचा, एखाद्या रात्रीच्या धक्क्यानंतर फोनवर नाही. तो विषय टळलेला नाही, हे मीही जाणून आहे.

नातीने तांदळाच्या डब्याची हकिकत ऐकली आणि ती म्हणाली, “आजी, ओला फोन तांदळात ठेवतात, कोरडं घड्याळ नाही.” मी तिला सांगितले की ओल्या फोनलाही त्याचा उपयोग नाही, कण आत जातात; ॲपलनेही २०२४ साली तसे करू नका म्हणून लिहिले आहे. ते कात्रण माझ्या डब्यात आहे.

घड्याळ आता पुन्हा मनगटावर असते. रात्री आठ ते नऊ ते चार्जरवर ठेवते, आणि त्या तासात मैत्रिणीकडे जाते. ती बोलत नाही, मी वाचून दाखवते. काल दगड खाण्याचे कात्रण वाचले, तर तिने डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि आवाज न करता पुष्कळ वेळ हसत राहिली.